पाच ग्रॅमच्या पायात वाळा : फाल्सटेर्बोची ऑक्टोबरातली सकाळ

खारा_वारा

स्वीडनचा नकाशा काढून अगदी खाली डाव्या कोपऱ्यात बघा. वाळूची एक पट्टी समुद्रात शिरलेली दिसेल. तिचं टोक म्हणजे फाल्सटेर्बो. माल्मोला राहायला आल्यापासून दर शरदात ऑफिसातलं कोणी ना कोणी विचारायचं, "तू अजून फाल्सटेर्बोला गेली नाहीस?" गेल्या शनिवारी एकदाची जाऊन आले. चार दिवस झाले तरी ती सकाळ डोक्यातून उतरत नाहीये, म्हणून इथे लिहिते आहे. इथे पक्षीवेडे बरेच आहेत.

आधी एवढं सांगते की ही जागा का. स्कँडिनेव्हियातले पक्षी थंडीच्या तोंडावर दक्षिण-पश्चिमेला निघतात. दिवसा उडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना उघड्या पाण्यावर जायचं जिवावर येतं, म्हणून ते किनारा धरून सरकत राहतात. किनारा जसजसा निमुळता होतो तसतसे ते एका टोकावर गोळा होतात. गव्हाच्या पोत्याच्या कोपऱ्याला भोक पडलं की सगळे दाणे तिथूनच ओघळतात, तसं. समोर डेन्मार्क, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर पाणी. १९५५ पासून इथे पक्षीनिरीक्षण केंद्र आहे. टोकावरच्या नाब्बेन नावाच्या जागेवर उभं राहून रोज मोजणी चालते, आणि दीपगृहाच्या बागेत जाळी लावून पक्ष्यांच्या पायात वाळे घालतात. इंग्रजीत रिंगिंग, आपल्याकडच्या कागदोपत्री वलयांकन. मला वाळा हाच शब्द आवडतो.

सकाळी सहाला मैत्रिणीच्या गाडीतून निघालो तेव्हा गुडुप अंधार होता. इथे ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साडेसातनंतर उगवतो. दीपगृह १७९६ चं, आणि गंमत अशी की त्याच्या चारी बाजूंनी गोल्फचं मैदान. त्या हिरव्या गालिच्यात दीपगृहाभोवती झाडाझुडपांची एक छोटी बाग, जणू बेट. रात्रभर उडून आलेल्या पक्ष्याला पहाटे खाली बघितल्यावर आडोसा दिसतो तो एवढाच. म्हणून ते इथे उतरतात, आणि म्हणून जाळीही इथेच.

जाळी मी हाताने चाचपून पाहिली. काळ्या नायलॉनची, अंबाड्यात घालायच्या जाळीहून बारीक. दोन खांबांमध्ये ताणलेली आणि आडव्या दोऱ्यांनी चार-पाच मजले केलेली. झुडपासमोर ती दिसतच नाही. पक्षी आदळला की खालच्या सैल खोळीत अलगद पडतो. दर अर्ध्या तासाने फेरी. वारा वाढला किंवा पाऊस आला की जाळी गुंडाळून ठेवायची, तिथे चर्चा नाही.

पहिल्या फेरीला आमच्या गटाला लांबून बघायची परवानगी मिळाली. रिंगर मुलगी पंचविशीतली असेल. ती आधी पक्ष्याचे पाय सोडवते. पक्षी कुठल्या बाजूने आत शिरला ते बघायचं, त्याच बाजूने पाय, मग पोट, पंख आणि शेवटी डोकं. स्वेटरच्या धाग्यात अडकलेला कानातला डूल सोडवताना आपण श्वास रोखतो, तसे आम्ही सगळे गप्प होतो. सुटलेला पक्षी सुती पिशवीत, पिशवी खुंटीवर. अंधारात पक्षी शांत होतो म्हणे. खरंच, पिशव्या हलत नव्हत्या.

मग ती छोटी खोली. टेबल, दिवा, तराजू, पट्टी, आणि तारेत माळेसारखे ओवलेले वाळे, आकारानुसार वेगवेगळे. पहिल्या पिशवीतून निघाला गोल्डक्रेस्ट. स्वीडिशमध्ये त्याला कुंग्सफोगेल म्हणतात, राजपक्षी. डोक्यावर पिवळी पट्टी. तिने हलकी फुंकर मारली आणि त्या पिवळ्याच्या पोटातून निखाऱ्यासारखा केशरी रंग फुलला. "नर," ती म्हणाली. मादीला ते केशर नसतं. मग छातीवर फुंकर. पिसं बाजूला झाली, खालची कातडी इतकी पातळ की आतली चरबी दिसते. गळ्याखालच्या खळग्यात पिवळसर लोण्यासारखा ठिपका होता. तेच त्याचं इंधन. वजन ५.४ ग्रॅम. आपल्या पाच रुपयांच्या नाण्याहून हलका जीव, आणि तो रात्रीत समुद्र ओलांडून येतो.

वाळा ॲल्युमिनियमचा, त्याच्या वजनाच्या शंभराव्या भागाहूनही हलका. पकडीत धरून पायाभोवती मिटवला, फिरवून पाहिला, सैल फिरतो ना, टोचत नाही ना. त्यावर सूक्ष्म अक्षरांत क्रमांक आणि स्टॉकहोमच्या राष्ट्रीय निसर्गसंग्रहालयाचं नाव. पंखाची लांबी, वय, वजन, वहीत नोंद. सगळं मिळून मिनिटभर. खिडकीतल्या छोट्या दारातून हात बाहेर, मूठ उघडली, आणि तो गेला.

रॉबिनचं वय कसं काढतात तेही बघितलं. हा आपला दयाळ नव्हे, युरोपातला, लालसर छातीचा. यंदा जन्मलेल्याच्या पंखावर मधल्या पिसांच्या टोकांना बदामी ठिपके असतात, मोठ्यांना सहसा नसतात. त्या सकाळी आलेले बहुतेक यंदाचेच. म्हणजे आई-वडिलांनी रस्ता दाखवलेला नाही, स्वतःच रात्री एकट्याने निघालेले.

त्यातल्या एकाच्या पायात आधीच वाळा होता. तिने क्रमांक वाचला, वहीची पानं उलटली. चार दिवसांपूर्वी इथेच घातलेला. तेव्हा वजन १५.४, आज १७.१. चार दिवस त्याने बागेतले किडे आणि बोरं खाल्ली होती आणि आता तो निघायच्या बेतात होता. मला आत कुठेतरी हललं ते इथे. वाळा नसता तर तो नुसता "रॉबिन, एक" झाला असता. वाळ्यामुळे तो मंगळवारी आलेला, थकलेला आणि शनिवारपर्यंत सावरलेला तो एकटा झाला.

नऊनंतर गोल्फच्या मैदानातून चालत नाब्बेनला गेलो. तिथे ब्लू टिटचे थवे बघितले. हे एरवी जंगलातून न हलणारे पक्षी. पण ज्या वर्षी पिल्लं भरपूर होतात आणि बीच नावाच्या झाडांना बी धरत नाही, त्या वर्षी हजारोंनी निघतात. थवा उंच चढायचा, पाण्यावर जायचा आणि शंभरेक मीटरवर जाऊन परत. पुन्हा झुडपात. पुन्हा वर. दहा-बारा वेळा. त्यांच्या चिवचिवाटात इतकी घालमेल होती की शेजारचे आजोबा दुर्बीण खाली करून नुसतेच ऐकत राहिले. शेवटी एक थवा गेला. परतला नाही. मागून एक ससाणा, स्पॅरोहॉक, जमिनीला चिकटून आला आणि त्याच दिशेने गेला.

एक इच्छा राहिली. लाल छातीचा माशीमार, जो हिवाळ्यात आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या वडावर यायचा, तो स्वीडनमध्येही वीण घालतो आणि बाकीच्यांच्या उलट दिशेला, थेट भारताकडे येतो. फाल्सटेर्बोच्या जाळ्यात कधीतरी एखादा सापडतो. मी रिंगरला विचारलं. "आज नाही," म्हणाली, आणि पुढची पिशवी उघडली.

करकोचा

क्या बात! ब्लू टिटची घालमेल डोळ्यांसमोर उभी राहिली.

थोडी भर घालतो. पायात क्रमांकाचे वाळे घालायची पद्धतशीर सुरुवात डेन्मार्कातल्या व्हिबोर्ग गावच्या मॉर्टेन्सेन नावाच्या शाळामास्तरांनी केली, १८९९ मध्ये. १६५ मैनांना, म्हणजे तिकडच्या स्टार्लिंगना. आधी जस्ताचे वाळे करून पाहिले होते, ते जड झाले, मग ॲल्युमिनियम. आपल्याकडे धारच्या महाराजांनी १९२६ साली बदकांना वाळे घातले. मोठं काम मात्र बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या पुढाकाराने, १९५९-६० च्या सुमारास. त्यामागचं कारण बऱ्याच जणांना ठाऊक नसतं: कर्नाटकात १९५७ मध्ये माकडताप आला, आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिड्यांतून हा रोग आला का, हा प्रश्न होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली. रोगाच्या शोधात निघालेल्या कामातून पक्ष्यांचे रस्ते हाती लागले.

आणि जाळं लावणारे हात कोणाचे? बिहारमधल्या मीरशिकार समाजाचे. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणारी ही माणसं. त्यांच्यातले अली हुसेन यांचं नाव तर या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. पक्ष्याचं एक पीस न मोडता त्याला पकडायचं कसब त्यांच्याकडे होतं, आणि शास्त्रज्ञ ते त्यांच्याकडून शिकले. वाळ्यांबद्दल लिहिताना ही माणसं विसरता कामा नयेत असं मला फार वाटतं.

माजघर

लेख सुंदर आहे ताई, पण मनात आलं ते लिहिते. पाच ग्रॅमचा जीव, रात्रभर उडून दमलेला, खाली उतरला की जाळ्यात. त्याच्या काळजाचं काय होत असेल? आपल्याला माहिती हवी म्हणून त्याला धरायचं, हे पटत नाही. आता दुर्बिणी आहेत, कॅमेरे आहेत.

खारा_वारा

माजघर, हा प्रश्न मी तिलाच विचारला होता. तिने तो झटकला नाही. म्हणाली, त्रास होतो, आणि कधीतरी, फार क्वचित, एखादा दगावतोही. तसं झालं की तीही नोंद होते, लपवत नाहीत. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हाताखाली शिकल्याशिवाय परवाना मिळत नाही. आमच्यासमोरच रेन नावाचा एक पक्षी पिशवीतून काढला, तो डोळे मिटत होता. तिने वाळ्याची माळ बाजूला सारली, त्याला तळहाताच्या उबेत दोन मिनिटं धरलं आणि न मोजता, न नोंदता झुडपात सोडलं. "याला आत्ता माझी गरज नाही, खाण्याची आहे."

दुर्बिणीने कळतं की रॉबिन आला. तो किती दिवस थांबला, किती भरला, पुढच्या वर्षी परत आला की नाही, हे नाही कळत. कुठली पाणथळ जागा वाचवायची याचं उत्तर यातूनच मिळतं. तरी तुमची टोचणी मला योग्य वाटते. ती ज्याला लागत नाही त्याने जाळ्याला हात लावू नये.

ऐरोली_खाडी

माजघर यांच्या मुद्द्यावर आमच्या खाडीतलं उदाहरण देतो. बीएनएचएसने २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या सहा रोहित पक्ष्यांना उपग्रह टॅग लावले. त्यातल्या हुमायूं नावाच्या लहान रोहितचा गुजरातपर्यंतचा प्रवास दिसला. आम्ही लहानपणापासून म्हणायचो, "पावसाळ्यात रोहित गुजरातला जातात." म्हणायचो, पण दाखवता येत नव्हतं. बिल्डरसमोर आणि कोर्टासमोर "म्हणतात" चालत नाही.

चिखल्या, तुतवार अशा किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या पायात धातूच्या वाळ्याबरोबर रंगीत झेंडीही लावतात. ती टेलिस्कोपमधून किंवा फोटोत वाचता येते, म्हणजे पक्षी पुन्हा पकडावा लागत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी भांडुपच्या उदंचन केंद्राजवळ साध्या कॅमेऱ्याने असा फोटो काढला होता, त्यावरून तो पक्षी ओळखता आला. भरतीच्या आधी दोन तास या, चिखल उघडा असतो आणि पाणी चढताना पक्षी जवळ सरकतात.

नागपुरी_संत्रं

आमच्याकडे तलावांवर पट्टकादंब येतात, हिमालय ओलांडून. मानेत रंगीत पट्टा घातलेले काही इथे दिसलेत, ते मंगोलियात घातलेले. गळ्यातल्या पट्ट्यावरचा नंबर काठावरून वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता. धाग्याबद्दल आभार.

वैनगंगा

खारा_वारा, तुमचा धागा दुपारी वाचला आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे.

आमच्या आजोळी, भंडारा जिल्ह्यात, आजोबांच्या पानाच्या डब्यात अडकित्त्याशेजारी एक वाळा होता. आजोबा (आईचे वडील) तेव्हा तलावावर बदकं मारायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधीची गोष्ट आहे, गावात ते सर्रास चालायचं. एका लहान बदकाच्या पायात तो निघाला. आम्ही त्याला "मॉस्कोची अंगठी" म्हणायचो, कारण त्यावर रोमन अक्षरांत मोस्क्वा असं कोरलेलं होतं. लहानपणी मी तो करंगळीत घालायचा प्रयत्न करायचे आणि मैत्रिणींना सांगायचे, हे बदक मॉस्कोहून आलं होतं. आजोबांनी कोणालाच कळवलं नाही. कळवायचं असतं हेच माहीत नव्हतं. आजोबा जाऊनही तीस वर्षं झाली.

तुमचा तो रॉबिन वाचला, मंगळवार ते शनिवार, आणि वाटलं, त्या बदकाची नोंद कुठल्यातरी वहीत अर्धीच पडून असेल. आता कळवण्यात काही अर्थ आहे का?

करकोचा

वैनगंगा, अर्थ आहे! लगेच कळवा. जुनी नोंद वाया जात नाही, क्रमांक वाचता आला पाहिजे एवढंच.

एक दुरुस्ती: बदक मॉस्कोचंच असेल असं नाही. वाळ्यावर केंद्राचं नाव असतं, गावाचं नाही. खारा_वारा यांच्या पक्ष्याच्या पायात स्टॉकहोम आहे, पण तो फाल्सटेर्बोत धरला, तसंच. मोस्क्वाचे वाळे अख्ख्या सोव्हिएत संघात वापरले जायचे. तुमचं बदक कझाकस्तानातलं असू शकतं, सायबेरियातलं असू शकतं, व्होल्गाच्या मुखापाशीही त्याला धरलं असेल. ते त्या क्रमांकावरूनच कळेल.

वाळ्याचा सगळ्या बाजूंनी फोटो, गाव, तलाव, जमेल तितकी अचूक तारीख, आणि पक्षी कसा मिळाला, हे बीएनएचएसला लिहा. "मारला" असंच स्पष्ट लिहा, संकोच नको, त्यालाही महत्त्व असतं. ते पुढे मॉस्कोला कळवतील. आणि बाकीच्यांसाठी: वाळा असलेला पक्षी जिवंत मिळाला तर वाळा काढू नका, क्रमांक टिपून घ्या आणि सोडा.

माजघर

वैनगंगा, पुढे काय झालं ते नक्की लिही गं. खारा_वारा, त्या रेनबद्दल सांगितलंत ते बरं केलंत. मत पूर्ण बदललं नाही, पण त्या मुलीच्या हातात पक्षी असेल तर मी बघायला येईन.

वैनगंगा

आठवड्याने लिहिते आहे. डबा मामाकडे होता, वाळा डब्यात नव्हता. आईला हे फोनवर सांगितलं तर ती स्वतःच गावी गेली. देवघरातल्या सुटी नाणी ठेवायच्या पितळी वाटीत सापडला. मामीला वाटायचं ते कुठल्यातरी यंत्राचं वायसर आहे, तरी तिने टाकलं नव्हतं.

आकडे घासून पुसट झालेले. आईने त्यावर ओली हळद चोळली आणि फडक्याने वरवर पुसून घेतली. कोरलेल्या खाचांमध्ये हळद राहिली आणि आकडे पिवळे उठून आले! एक अक्षर, सहा आकडे. शेवटचा ३ आहे की ८ याची खात्री नाही, म्हणून दोन्ही लिहिलेत. काल रात्री फोटोंसह मेल पाठवली. आजोबांचं नाव मी मुद्दाम घातलं, वाळा मिळालेली व्यक्ती म्हणून.

तारखेचं मात्र अडलंय. आई म्हणते, "तवा धान कापाले आलं होतं," म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, याबद्दल आई-मामा दोघांचं एकमत आहे. वर्षाबद्दल नाही. मामाचं म्हणणं, शास्त्रीजी गेले त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे १९६५. आई म्हणते त्याच्या आदल्या वर्षी, कारण त्या रात्री आजोबा तलावावरून परतले तेव्हा आजी होती, आणि तिनेच तो वाळा धुऊन त्यांच्या हातात दिला होता.